याकोब ते जेम्स: एकाच नावाची यात्रा आणि जत्रा

२०२७ साली २५ जुलैला रविवार येतो. त्यामुळे स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातल्या सांतियागो दे कोम्पोस्तेला या शहरात ते वर्ष पवित्र वर्ष म्हणून पाळलं जाईल. तिथल्या संताचा सण २५ जुलैला असतो, आणि तो रविवारी आला की यात्रेकरूंची गर्दी कितीतरी वाढते. त्याबद्दलच्या बातम्या वाचायला लागलं की मात्र गोंधळ उडतो. स्पॅनिश लोक संताला 'सांतियागो' म्हणतात, पण त्याच्या वर्षाला 'खाकोबेओ' म्हणतात. जर्मन यात्रेकरू त्याच वाटेला 'याकोब्सवेग' म्हणतो, फ्रेंच माणूस 'सँ-झाक'ची वाट म्हणतो, इंग्रजी वर्तमानपत्र 'सेंट जेम्स' लिहितं, आणि घरातलं मराठी बायबल उघडलं तर तिथे 'याकोब'.

हा सगळा एकच माणूस आहे: गालीलच्या सरोवरातला कोळी, जब्दीचा मुलगा, येशूच्या बारा शिष्यांपैकी एक. ही सगळी नावंही मुळात एकच आहेत. इंग्रजीत याकोबाचं दुसरं रूप जेकब. त्या जेकबचा जेम्स कसा झाला, हे नुसतं ऐकून पटत नाही. पण ज्या भाषेत 'यात्रा' आणि 'जत्रा' हे दोन्ही शब्द रोज वापरले जातात, तिच्या बोलणाऱ्यांना ते समजायला फार वेळ लागू नये.

मूळ नाव: चार अक्षरं

हिब्रूत हे नाव चार अक्षरांनी लिहितात: योद, आयिन, कोफ, बेत. हिब्रू लिपीत मुख्यतः व्यंजनंच लिहिली जातात, स्वर वाचणाऱ्यानं घालायचे असतात. उच्चार साधारण 'या-अ-कोव' असा. शेवटचं बेत स्वरानंतर आल्यामुळे मऊ होऊन 'व'सारखं ऐकू येतं. मूळ ध्वनी 'ब'चाच.

मधलं आयिन महत्त्वाचं आहे. तो घशातून काढायचा आवाज आहे. मराठीत त्याला अक्षर नाही, अरबीत त्यालाच 'ऐन' म्हणतात. मराठीनं अरबीतून घेतलेल्या शब्दांत हा आवाज ठिकठिकाणी होता. आखाड्याची 'तालीम' मुळात 'तअलीम' आहे, 'जमा'च्या शेवटी ऐन होता, 'दुवा'च्या मध्ये होता. आपण तो गाळला आणि मागे नुसता लांब स्वर उरला. ग्रीकांनी 'याअकोव'चं हेच केलं. त्यांच्याकडेही तो आवाज नव्हता, म्हणून 'याकोब' झालं. मराठी बायबलमधलं रूप याच वाटेचं आहे.

टाच, पाठ आणि 'फसवा' हा शिक्का

बाळाच्या नावांच्या यादीत जेकबचा अर्थ हमखास 'दुसऱ्याची जागा बळकावणारा' किंवा सरळ 'फसवा' असा दिलेला असतो. आईवडील तो वाचून नाव रद्द करतात. हा अर्थ कुठून आला ते नीट पाहायला हवं.

हिब्रूत 'आकेव' म्हणजे टाच. शिष्य याकोबाच्या कितीतरी आधी याच नावाचा यहुद्यांचा कुलपिता, म्हणजे मूळपुरुष, होऊन गेला. बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात त्याचा जुळ्यांपैकी एक म्हणून जन्म आहे. एसाव आधी येतो आणि दुसरं बाळ त्याची टाच धरून बाहेर येतं, म्हणून त्याचं नाव याकोब. पुढे २७व्या अध्यायात धाकट्यानं थोरल्याचा आशीर्वाद पळवल्यावर एसाव चिडून म्हणतो, याचं नाव याकोब ठेवलं ते बरोबरच, दोनदा यानं मला फसवलं. 'फसवा' हा अर्थ इथून निघाला. तो संतापलेल्या भावानं नावावर केलेला श्लेष आहे. मूल जन्मताच कुणी त्याला 'फसवा' म्हणून हाक मारली नव्हती.

ज्या धातूपासून हे नाव येतं त्यात टाच, मागून येणं, पाठलाग आणि पाठराखण असे अर्थ एकत्र नांदतात. हे परकं वाटण्याचं कारण नाही, कारण मराठीनं टाचेऐवजी पाठ घेतली आणि अगदी हीच रचना केली. एकामागून जन्मलेला तो 'पाठचा भाऊ'. मागे लागणं तो 'पाठलाग'. आणि संकटात मागे उभं राहणं ती 'पाठराखण'. याकोब शब्दशः एसावचा पाठचा भाऊ होता.

बऱ्याच अभ्यासकांना पाठराखणीचा, म्हणजे रक्षणाचा अर्थ मूळच्या सर्वांत जवळचा वाटतो. कारण या नावाचं लांब रूप प्राचीन लेखांत सापडतं: 'याकूब-एल', म्हणजे 'एल देव पाठीशी राहो'. इजिप्तच्या तिसऱ्या थुतमोस राजानं कर्नाकच्या मंदिरात जिंकलेल्या गावांची यादी कोरली आहे, तिच्यात असंच एक गावाचं नाव आहे. त्याही आधीच्या, इजिप्तवर हिक्सोस या परक्या राजांचं राज्य होतं त्या काळातल्या, शेणकिड्याच्या आकाराच्या मुद्रांवर 'याकूब-हर' नावाचा राजा येतो. देवाचं नाव गळून छोटं रूप उरणं ही नेहमीची गोष्ट आहे. रामचंद्राचा राम होतो तसंच. तेव्हा मुलाचं नाव जेकब ठेवायचं असेल तर 'देव पाठीशी असो' हा अर्थ निश्चिंतपणे सांगावा.

याच धातूचं अरामी वळणाचं नाव 'अकिवा'. दुसऱ्या शतकातले थोर यहुदी गुरू रब्बी अकिवा या नावानं ओळखले जातात. अरबीत याच धातूवरून 'आकिब' म्हणजे मागून येणारा, आणि उर्दूतला 'तआकुब' म्हणजे पाठलाग. आपल्याकडचे याकूब आणि आकिब हे असे चुलतभाऊ आहेत.

ग्रीकांनी लावलेली शेपटी

इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात यहुद्यांचे धर्मग्रंथ ग्रीक भाषेत आणायला सुरुवात झाली. तिथे कुलपिता याकोबाचं नाव 'इयाकोब' असं जसंच्या तसं ठेवलं. ग्रीक नामांना विभक्तीचे प्रत्यय लागतात, पण या नावाला एकही लावला नाही. पुराणपुरुषाचं नाव, ते तसंच राहू दिलं.

पुढे पहिल्या शतकात नवा करार, म्हणजे बायबलचा येशू आणि त्याच्या शिष्यांबद्दलचा भाग, थेट ग्रीकमध्येच लिहिला गेला. तोवर ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांमध्ये हे नाव रोजचं झालं होतं. रोजच्या नावाला रोजचा प्रत्यय हवा, म्हणून शिष्यांचं नाव झालं 'इयाकोबोस'. कुलपिता मात्र 'इयाकोब'च राहिला. लॅटिननं हाच भेद उचलला: कुलपिता 'इयाकोब', शिष्य 'इयाकोबुस'.

पुढे जे काही घडलं ते सगळं या 'ओस'च्या शेपटीपासून सुरू होतं. शेपटी नसलेलं रूप पोथीत राहिलं. शेपटीचं रूप लोकांच्या तोंडी गेलं. आणि जे तोंडी जातं ते झिजतं.

आपल्याकडे व्याकरणात याला तत्सम आणि तद्भव म्हणतात. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द तत्सम, तोंडी घासून बदललेला तद्भव. क्षेत्र आणि शेत, हस्त आणि हात, यात्रा आणि जत्रा. मूळ एक, रूपं दोन, आणि दोन्ही भाषेत शेजारी शेजारी नांदतात. इंग्रजीतला जेकब तत्सम आहे, जेम्स तद्भव.

'ब'चा 'म' कसा झाला?

सगळ्यात मोठी शंका इथेच असते. जेकब आणि जेम्स यांत 'ज' सोडला तर काय सारखं आहे?

मुळाक्षरांचा तक्ता आठवा. प, फ, ब, भ, म एका ओळीत आहेत, कारण ते सगळे ओठांचे आवाज आहेत. 'ब' म्हणताना ओठ जसे मिटतात तसेच 'म' म्हणतानाही मिटतात. फरक एवढाच की 'म'ला नाकाची वाट उघडी असते. पडसं होऊन नाक चोंदलं की 'मामा' म्हणायला जावं आणि 'बाबा' ऐकू यावं, त्याचं कारण हेच. त्यामुळे हे दोन आवाज जगभरच्या भाषांत एकमेकांची जागा घेत असतात. आपण आंबा म्हणतो, हिंदीवाले आम म्हणतात. आपला निंब त्यांचा नीम. आपलं जांभूळ त्यांचं जामुन.

रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळात बोलीत 'इयाकोबुस'च्या बरोबरीनं 'इयाकोमुस' असं रूप रूढ झालं. यात आघातानंही हात दिला. पंडिती लॅटिनमध्ये जोर मधल्या 'को'वर होता. लोकांनी तो ग्रीकप्रमाणे पहिल्या 'या'वर दिला. जोर पुढे गेला की मधलं अक्षर दुबळं होतं आणि शेवटी गळून पडतं.

मग प्रत्येक प्रदेशानं आपापल्या सवयीनं ते झिजवलं. इटलीत अक्षरं जपायची सवय, तिथे 'जाकोमो' झालं. कातालान भाषेत 'जाउमे', स्पॅनिशमध्ये 'खाइमे', पोर्तुगीजमध्ये 'झाइमे'. जुन्या फ्रेंचमध्ये दोन्ही धागे राहिले: 'ब'च्या रूपातून मधला स्वर गळून 'झाक', आणि 'म'च्या रूपातून 'जामेस'. हे दुसरं रूप १०६६ नंतर नॉर्मन लोकांबरोबर इंग्लंडात उतरलं.

'य'चा 'ज', आणि शेवटचा तो 'स'

'य'चा 'ज' होण्याचं तर मराठी माणसाला नवल वाटायलाच नको. महाराष्ट्री प्राकृतात शब्दाच्या आरंभीचा 'य' नियमानं 'ज' होतो. यादवांचे जाधव झाले, योगी जोगी झाला, यात्रेची जत्रा झाली. संस्कृतात 'याति', आपण 'जातो'. लॅटिनच्या लेकी असलेल्या भाषांतही असंच घडलं. लेखणीनं मात्र फार उशिरा दखल घेतली. रोमन लिपीत 'आय' आणि 'जे' ही बराच काळ एकाच अक्षराची दोन वळणं होती. ती वेगळी अक्षरं म्हणून स्थिरावली सोळाव्या-सतराव्या शतकात.

जर्मन, पोलिश, चेक, रशियन या भाषांनी 'य' टिकवला: याकोब, याकुब, याकोव. स्पॅनिशनं 'ज'च्याही पुढे जाऊन घशातला 'ख' केला. म्हणून कोलंबियाच्या प्रसिद्ध फुटबॉलपटूचं पहिलं नाव इंग्रजी जेम्ससारखं लिहिलेलं असूनही समालोचक 'हामेस' म्हणतात. आर्मेनियन भाषेनं 'य'चा 'ह' केला: हाकोब. तिथलं हाकोब्यान हे आडनाव म्हणजे याकोबाचे वंशज.

आता जेम्समधला 'स'. तो अनेकवचनाचा नाही, 'चा'अर्थी प्रत्ययही नाही. तो ग्रीक 'ओस' आणि लॅटिन 'उस' यांचा उरलेला तुकडा आहे. जुन्या फ्रेंचमध्ये कर्त्याच्या रूपाला हा 'स' टिकून होता आणि काही विशेषनामांत तो गोठून बसला. फ्रेंच झाकच्या लेखनातही तो शेवटी आहे, उच्चारात नाही. संस्कृत शिकलेल्यांना हा ओळखीचा वाटेल: 'रामः'मधला विसर्ग हा याच प्रथमेच्या 'स्'चा अवतार आहे. जेम्सचा 'स' आणि रामाचा विसर्ग हे एकाच प्राचीन प्रत्ययाचे वारस आहेत. हिब्रू नावाला लागलेला हा तुकडा मात्र हिब्रू नाही.

इंग्रजीत आल्यावर आणखी एक फेरफार झाला. तिथले लांब 'आ' पंधराव्या ते सतराव्या शतकांत हळूहळू 'ए'कडे सरकले. ज्या बदलानं त्यांच्या 'नाम'सारख्या उच्चाराचा 'नेम' झाला, त्याच बदलानं 'जाम्स'चा 'जेम्स' झाला.

स्पेनमध्ये संतपदच नावाला चिकटलं

स्पेनमध्ये शिष्य याकोबाचं एक जुनं रूप होतं 'इयागो'. त्याला संत जोडला: 'सांत इयागो'. भराभर म्हणताना झालं 'सांतियागो'. मग ऐकणाऱ्यानं ते चुकीच्या ठिकाणी तोडलं, 'सान तियागो', आणि 'तियागो' हे नवंच नाव जन्माला आलं. पोर्तुगीज भाषेत ते आजही जोरात चालतं. बायबलमधलं याकोबाचं पत्र पोर्तुगीजमध्ये तियागोचं पत्र आहे, आणि कुलपिता तिथे 'जाको'. म्हणजे सांतियागो नावाच्या मुलाला हाक मारताना लोक नकळत 'संत याकोब' म्हणत असतात. चिलीची राजधानी १५४१ साली वसली तीही याच नावानं.

'दियेगो' हेही तियागोचंच रूप असं पूर्वापार सांगितलं जातं. इथे मात्र सावध राहायला हवं. मध्ययुगीन लॅटिन कागदांत दियेगोला 'दिदाकुस' लिहितात, त्यामुळे बऱ्याच अभ्यासकांच्या मते ते मुळात वेगळं नाव असून नंतर याकोबाशी जोडलं गेलं. अमेरिकेतलं सान दियेगो शहरही याकोबाच्या नावाचं नाही. पंधराव्या शतकातल्या दियेगो नावाच्या दुसऱ्याच स्पॅनिश संतावरून ते आलं. गोव्यात आणि वसईत डायस किंवा डियास आडनाव आहे, ते दियेगो-दियोगोचं पितृनाम, म्हणजे 'दियोगोचा मुलगा'. ते हिब्रू मुळाचं आहे असं कुणी ठासून सांगितलं तर 'असंही मानतात' एवढंच उत्तर द्यावं.

हाकेवरून नाव बनण्याचा आणखी एक छान नमुना स्कॉटलंडात आहे. तिथल्या गेलिक भाषेत जेम्सला 'शेमस' म्हणतात. पण हाक मारताना, म्हणजे संबोधनात, पहिला 'श' बदलून 'ह' होतो आणि ऐकू येतं 'हेमिश'. विठ्ठलला हाक मारताना आपण 'विठ्ठला' म्हणतो, तसंच. गेलिक न समजणाऱ्या इंग्रजी शेजाऱ्यांनी हाक ऐकली आणि तेच नाव समजून लिहून घेतलं. आज हेमिश हे स्वतंत्र नाव आहे. डच लोकांनी तर 'याकोबुस'चा पुढचा भाग तोडून 'याप' केलं आणि मागचा तोडून 'कोस'. एकाच नावाची दोन टोकं, दोन नावं.

'राजानं बायबलमध्ये स्वतःचं नाव घुसवलं' हे खरं का?

मोबाइलवर फिरणारा एक संदेश म्हणतो की इंग्लंडच्या जेम्स राजानं १६११ साली बायबलचं भाषांतर करून घेताना याकोबाचं नाव काढून आपलं नाव घातलं. हे साफ खोटं आहे, आणि तारखा पाहिल्या की लगेच उलगडतं. विल्यम टिंडलचा छापील इंग्रजी नवा करार १५२६चा आहे. त्यात शिष्याचं नाव जेम्सच आहे. त्याच्याही आधी, चौदाव्या शतकात विक्लिफच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या हस्तलिखित भाषांतरातही तेच. राजा जन्मला १५६६ साली.

उलट त्या राजाच्या नाण्यांवर काय आहे ते पाहावं. १६०३ साली तो इंग्लंडच्या गादीवर आला. त्याच्या नाण्याच्या कडेनं राजाच्या चेहऱ्याभोवती जी अक्षरं फिरतात, त्यांची सुरुवात 'इयाकोबुस' अशी आहे. पहिलं अक्षर 'जे' नाही, 'आय' आहे. 'यू'च्या जागी 'व्ही' आहे. शिक्क्यावर लॅटिन, म्हणून याकोब. घरात इंग्रजी, म्हणून जेम्स. १६११च्या बायबलच्या अर्पणपत्रिकेतही त्याचं नाव 'आय'नंच छापलेलं आहे. याच राजाचा वकील टॉमस रो १६१५ साली सुरतेला उतरला आणि पुढे जहांगीराच्या दरबारात गेला.

हेच कारण आहे की जेम्स राजाच्या काळातल्या फर्निचरला इंग्रजीत 'जेकबियन' म्हणतात, आणि १६८८ साली गादी गेलेल्या दुसऱ्या जेम्सच्या पाठीराख्यांना 'जेकबाइट'. नाव तद्भव, विशेषण तत्सम. आपण 'डोळा' म्हणतो, पण त्याच्या डॉक्टरला 'नेत्रतज्ज्ञ' म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. स्पेनमधला 'सांतियागो' आणि 'खाकोबेओ' यांचा सुरुवातीचा घोटाळाही इथेच सुटतो.

मग मराठीत एकच याकोब का?

कारण मराठीत हे नाव लोकांच्या तोंडी हजार वर्षं घासलं गेलेलं नव्हतं. भाषांतरकारांपुढे मूळ हिब्रू आणि ग्रीक रूपं होती, झिजलेलं देशी रूप नव्हतं. म्हणून उत्पत्तीतला कुलपिताही याकोब आणि नव्या करारातलं पत्र लिहिणाराही याकोब. हिंदीत दोघेही याकूब, अरबीतही याकूब, रशियनमध्येही एकच रूप.

याचा एक मोठा फायदा मराठी वाचकाला मिळतो. इंग्रजी वाचकाला जेम्स हे नाव ऐकून ब्रिटिश माणूस डोळ्यांपुढे येतो. मराठी वाचकाला सरळ दिसतं की पहिल्या शतकातल्या यहुदी घरांत मुलांना आपल्या पूर्वजाचं नाव ठेवत होते. इंग्रजीतली ही गफलत दूर करायला जेम्सच्या जागी जेकब घालावं, असं काही अभ्यासक म्हणतात. त्यांचं म्हणणं योग्य आहे, पण पाच-सहाशे वर्षांची सवय बदलणं अवघड. मराठीचा तोटा एवढाच की दोन याकोबांत भेद करायला वडिलांचं नाव सांगावं लागतं: इसहाकाचा याकोब, जब्दीचा याकोब, अल्फीचा याकोब.

कोकणातलं त्याचं दुसरं नाव

उत्पत्तीच्या ३२व्या अध्यायात याकोब रात्रभर एका अनोळखी पुरुषाशी झुंजतो आणि पहाटे त्याला नवं नाव मिळतं: इस्राएल. देशाचं नाव तिथून. आणि रायगडच्या किनाऱ्यावर शतकानुशतकं तेलाचे घाणे चालवणाऱ्या, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या, म्हणून 'शनिवार तेली' म्हणवल्या जाणाऱ्या मराठी यहुद्यांचं नावही तिथून. बेने इस्राएल म्हणजे इस्राएलची लेकरं, म्हणजेच याकोबाची लेकरं.

या समाजानं हिब्रू नावांना मराठी वळण किती सहज दिलं याचा नमुना मुंबईत आहे. १७९६ साली तिथलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनास्थळ, बांधणारे शमुवेल यहेज्केल दिवेकर रोजच्या व्यवहारात 'सामाजी हसाजी' होते. शमुवेलचा सामाजी, यहेज्केलचा हसाजी, आणि आडनाव कोकणातल्या गावावरून. तद्भव करण्याची हीच ती पद्धत, फक्त मराठी. मुंबईच्या बगदादी यहुद्यांमध्ये मात्र इंग्रजी तत्सम चाललं. फोर्टमधलं केनेसेथ एलियाहू हे निळं सिनेगॉग १८८४ साली जेकब ससून यांनी वडिलांच्या स्मरणार्थ बांधलं. १९७१ साली ढाक्याच्या शरणागतीच्या वाटाघाटी करणारे आणि पुढे गोव्याचे राज्यपाल झालेले लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब हेही बगदादी यहुदी घराण्यातले.

वसई तालुक्यात आगाशीचं चर्च संत जेम्सचं आहे, म्हणजे सांतियागोच्याच संताचं. केरळच्या सुरियानी ख्रिस्ती घरांत याकोबाचा 'चाक्को' होतो. तिथल्या 'याकोबाया' पंथाचं नाव सहाव्या शतकातल्या याकोब बुर्दोनो या सीरियन बिशपावरून आलं.

शब्दांत आणि मागात शिरलेला याकोब

नाव खूप पसरलं की ते सामान्यनाम होतं. फ्रान्समध्ये शेतकऱ्याला कुत्सितपणे 'झाक' म्हणत. १३५८ साली शेतकऱ्यांनी उठाव केला, त्याला 'झाकरी' नाव पडलं. त्यांच्या आखूड अंगरख्याला 'झाक' आणि लहान असेल तर 'झाकेत' म्हणत, असं बरेच कोशकार मानतात. आपलं जॅकेट तिथून आलं. पॅरिसच्या सँ-झाक रस्त्यावर मठ होता म्हणून डॉमिनिकन साधूंना 'जॅकोबिन' म्हणू लागले. राज्यक्रांतीत एक राजकीय गट त्यांच्याच दुसऱ्या एका मठात सभा भरवू लागला, म्हणून जहाल क्रांतिकारकही जॅकोबिन.

पण सगळ्यांत हाताला लागणारं उदाहरण सोलापुरात आहे. सोलापुरी चादरीवरची नक्षी मागावर विणतानाच उमटते, आणि ती उमटवणाऱ्या यंत्राला जॅकार्ड म्हणतात. मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या जाड पुठ्ठ्यांची माळ फिरते. बाण्याच्या एका धाग्याला एक पुठ्ठा. जिथे भोक असतं तिथे सुई आत शिरते आणि ताण्याचा तो धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे तो खालीच राहतो. एखादं भोक चुकलं तर तीच चूक नक्षीच्या प्रत्येक फेऱ्यात त्याच जागी येते. १८०४च्या सुमारास हे यंत्र सिद्ध करणाऱ्या लियोंच्या कारागिराचं नाव झोझेफ मारी झाकार. आडनाव झाकवरून, म्हणजे याकोबावरून. झोझेफ म्हणजे योसेफ, मारी म्हणजे मिर्याम. एका फ्रेंच माणसाच्या नावात तीन हिब्रू नावं, आणि त्यातलं एक आज आपल्या पांघरुणात.

दिसायला जवळची, पण वेगळी

उत्साहाच्या भरात न जुळणारी नावंही जोडली जातात. इंग्रजी 'जॅक' हा फ्रेंच झाकचा भाऊ वाटतो, पण तो मुख्यतः जॉनचं, म्हणजे योहानचं लाडकं रूप आहे. जॅक्सन आडनावही त्यामुळे योहानाच्या घरचं. जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान, ज्यानं १६८९ साली मुंबईवर स्वारी केली, त्याचं नाव याकूब नव्हे. 'याकूत' म्हणजे माणिक. फारसी कागदात 'ब' आणि 'त' वाचताना घाई झाली की इतिहासच बदलतो. पारशी घरातला जिमी बहुतेक वेळा जमशेद असतो, आणि जमशेद हे इराणी नाव आहे.

जुन्या नोंदी शोधताना

गोवा-वसईच्या पूर्वजांचा शोध घेणारे इथेच अडकतात. आजोबांना घरात सगळे जेम्स म्हणत आणि चर्चच्या वहीत जेम्स सापडत नाही. पोर्तुगीज काळातल्या नोंदीत 'झाइमे', 'तियागो', 'जाको' पाहा. नोंद लॅटिनमध्ये असेल तर 'याकोबुस'. रोमन लिपीत पहिलं अक्षर 'आय' आणि 'जे' दोन्ही धरून शोधा. दियोगो दिसला तर वेगळा बाजूला ठेवा, लगेच जुळवू नका. बाप्तिस्मा २५ जुलैच्या आसपासचा असेल तर संतावरून नाव ठेवल्याची शक्यता वाढते. पण खात्री करायची ती नेहमी आईवडिलांच्या आणि बाप्तिस्म्याच्या मायबापांच्या नावांवरून, गावाच्या आणि वाड्याच्या नावावरून. नुसतं नाव जुळलं म्हणून माणूस जुळत नाही, कारण एका गावात त्याच वर्षी दोन-तीन याकोब सहज निघतात.

आणि सरकारी कागदांत ही सगळी व्युत्पत्ती निरुपयोगी आहे. जन्मदाखल्यावर झाइमे आणि पासपोर्टवर जेम्स असेल तर ती कायद्याच्या नजरेत दोन नावं. भाषाशास्त्राचा दाखला खिडकीवर चालत नाही. महाराष्ट्रात अशा वेळी शासन राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा लागतो. गोव्यात नाव-आडनाव बदलण्यासाठी १९९०चा स्वतंत्र कायदा आहे. अर्ज करण्याआधी जुन्या नोंदीची प्रमाणित प्रत काढा, आणि नवं नाव रोमन लिपीत ज्या अक्षरांनी लिहायचं ती एकदाच ठरवून शाळेचा दाखला, आधार, पॅन आणि बँक, सगळीकडे तीच ठेवा.